बाहेरची सुई

बस पूर्णेच्या स्थानकात शिरली. उठताना आधारासाठी मी समोरच्या बाकाची कड धरली आणि तिच्या उचकटलेल्या, गंजलेल्या पत्र्याने माझा डावा तळहात अंगठ्याच्या मुळापासून आडवा चिरला. प्रथम वेदना झाली नाही; प्रथम आला तो संताप. वेदनेला यायला वेळ लागतो, संताप माझ्यापाशी नेहमी तयार असतो. वाहकाने माझ्या हाताकडे पाहिले, पत्र्याकडे पाहिले आणि पत्र्याची बाजू घेतली. “पत्रा हाय सायब त्यो, कापनारच की. बघून उठावं मानसानं.” या विधानातील दोष त्याला तिथल्या तिथे दाखवून द्यावा असे मला फार वाटले. कापणे हा पत्र्याचा धर्म असेल, पण बसण्याच्या जागेने पत्र्याचा धर्म पाळावा असे कोणत्या शास्त्रात सांगितले आहे? पण रक्ताचे थेंब मागच्या माणसाच्या धोतरावर पडू लागले होते आणि तो माझ्याहून मोठ्या आवाजात बोलू लागला होता. मी रुमाल गुंडाळला, कातडी बॅग उजव्या हातात घेतली आणि खाली उतरलो. ज्या गावात मी जन्मलो, ज्या गावाशी माझे एक जुने भांडण आहे, त्या गावाने माझे स्वागत असे रक्त काढून करावे, यात मला आश्चर्य वाटण्यासारखे काही नव्हते.

मी जिल्ह्याच्या आरोग्य कचेरीत निरीक्षक आहे. खाजगी दवाखान्यांविषयी तक्रार आली की जाऊन पाहणे आणि वरिष्ठांना सांगणे, एवढे माझे काम. त्या दिवशी जो दवाखाना मला पाहायचा होता तो डॉक्टर ईश्वरअप्पाचा. त्याचे वडील, ज्यांना सगळे अप्पा म्हणत, तेही डॉक्टर होते. निजामाच्या काळापासून पूर्णेला ‘अप्पांचा दवाखाना’ म्हटले की दुसरा पत्ता लागत नसे. गेल्या उन्हाळ्यापासून तिथे सुई घेतलेल्या माणसांना गळवे होऊ लागली होती. एका मास्तरांचा दंड सुजून काळानिळा पडला. मोंढ्याच्या बाजारातल्या एका अडत्याची सून तर नांदेडच्या इस्पितळात पडून होती; तिच्या मांडीचे मांस कापून काढावे लागले होते आणि पाय राहील की जाईल याविषयी कोणी बोलत नव्हते. तक्रार तिच्या सासऱ्याने केली होती. ही तपासणी मी मागून घेतली. माझे वरिष्ठ म्हणाले, “तुमचं गाव आहे, तुम्हाला माणसं माहीत.” मी होय म्हणालो. मला माणसे माहीत होती, आणि त्याहूनही मला एक खिडकी माहीत होती.

त्या खिडकीपर्यंत जाण्याआधी मी सरकारी दवाखान्यात गेलो, कारण तळहात आता ठणकू लागला होता आणि ठणक्याबरोबर एक जुनी भीती जागी झाली होती. तिथल्या माणसाने पाय खुर्चीवरून न काढता सांगितले, “धनुर्वाताची लस न्हाई. वरूनच येईना. अप्पाकडं जा, तिथं भेटंल.” म्हणजे ज्याची झडती घ्यायला मी आलो होतो त्याच्याच दारात मला दंड उघडा करून उभे राहायचे होते. मी त्या माणसाला लसीच्या पुरवठ्याचे नियम ऐकवले. त्याने ते कौतुकाने ऐकले आणि जांभई दिली. मी बाहेर आलो. स्टेशनच्या बाजूने इंजिनाची वाफ सुटल्याचा आवाज आला, कोळशाचा तो ओलसर, आंबट वास आला, आणि मला माझा थोरला भाऊ आश्रुबा आठवला. आठवला असे म्हणणे बरोबर नाही. तो विसरला जात नाही. तो मला दिसला, आमच्या घरात, जमिनीवर, धनुष्यासारखा वाकलेला, टाचा आणि डोक्याचा मागचा भाग एवढेच भुईला टेकलेले. त्याचे दात घट्ट मिटले होते आणि ओठ मागे ओढले गेल्यामुळे तो हसत आहे असे वाटत होते. मी लहान होतो, आणि थोरला भाऊ हसतो आहे असे समजून मीही हसलो होतो. रुळांवर काम करताना त्याच्या पायात गंजका खिळा शिरला होता. आईने, केशरबाईने, जखमेत तेलात जाळलेली हळद भरली. त्याला अप्पांच्या दवाखान्यात नेले नाही. का नेले नाही, हे त्या घरात सगळ्यांना माहीत होते आणि कोणी कोणाला विचारीत नव्हते.

दवाखान्याच्या बाजूच्या भिंतीत, बोळाकडे उघडणारी एक खिडकी होती. आमच्या वस्तीची माणसे त्या खिडकीशी उभी राहत. गज नव्हते, फळी होती. फळीवर पैसे ठेवायचे, मग मागे सरायचे, मग आतून पुडी यायची. सुई घ्यायची असेल तर दंड त्या चौकटीत धरायचा आणि आतला हात सुई टोचून परत जायचा. सुई टोचणाऱ्याचे तोंड दिसत नसे. आमच्यासाठी सुईही वेगळी होती. तिला आतले लोक ‘बाहेरची सुई’ म्हणत. आम्ही बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्याच्या पुढच्या वर्षी आई मला ताप आला म्हणून तिथे घेऊन गेली. उभी राहून राहून तिला भोवळ आली असावी. तिने फळीवर हात टेकला. आतून अप्पांची बायको, चन्नबसम्मा, तांब्या घेऊन आली आणि आईचा हात तिथेच असताना तिने फळीवर पाणी ओतले. रागाने नव्हे. रागाने ओतले असते तर ते एक प्रकारचे संभाषण झाले असते. जेवणानंतर पाटाखालची जागा पुसावी तसे, दुसऱ्याच कुठल्यातरी विचारात असताना तिने ते ओतले. पाणी आईच्या कोपरावरून माझ्या डोक्यावर ठिबकले. घरी येताना आई म्हणाली, “आता आपन कुनाच्या खिडकीशी उभं ऱ्हायचं न्हाई.” आणि आठच दिवसांत आश्रुबाच्या पायात खिळा गेला. माझ्या आईचा शब्द हा तिने आयुष्यात प्रथमच स्वतःला दिलेला शब्द होता. तिने तो पाळला. त्याचा दोष मी तिला कधीही दिला नाही. तो मी त्या फळीवर लिहिला, आणि फळी पुसण्याचा हक्क कोणालाही दिला नाही.

दवाखाना तोच होता, पाटी नवी होती. ओसरीवर बाक आले होते. बाकाच्या टोकाला, बसावे की बसू नये अशा बेताने, आमच्या वस्तीतली सगुणाबाई बसली होती. माझ्याकडे पाहून तिने कपाळावर हात धरून डोळे बारीक केले. “नागू न्हवं का रं तू? केशरचा? आगं बया, सायब झालास की! अन् हात कुनी फोडला?” मी म्हणालो, “बसनं.” ती म्हणाली, “येष्टीनं? मंग बरंय. मला वाटलं गावात पाय ठिवल्याबरूबर कुनासंगं भांडलास. ल्हानपनी तू भिंतीसंगंबी भांडायचास.” तिला खोकला होता आणि आठवड्यातून सुई घ्यावी लागत होती. कुठे टोचतात, असे मी विचारले. “आता खिडकी बंद केली की त्यायनी. आता हितंच, वसरीवर. लय सुधारना झाली,” ती म्हणाली आणि तोंडाला पदर लावून हसली. त्या हसण्यात उपहास होता की समाधान होते, हे मला ठरवता आले नाही, आणि जे ठरवता येत नाही त्याचा मला राग येतो. सुधारणा! अंतर तेवढेच ठेवून त्याला बसायला बाक द्यावा, याला सुधारणा म्हणतात. मी विचारले, “आपल्यात कुणाला गळू झालं का सुईनं?” ती म्हणाली, “आपल्यात? न्हाई बा. आपली सुई लय ऊन असती. चटका बसतो, पर पिकत न्हाई. त्या वरल्या आळीच्या लोकाचंच पिकायलंय. देव हाय की न्हाई, नागू?” मी म्हणालो, “नाही.” ती म्हणाली, “हां, तसं तर न्हाईच म्हना.”

डॉक्टर ईश्वरअप्पा दारापर्यंत आला. माझ्याहून थोडा मोठा, गोरा, कपाळावर भस्माचे पट्टे, पांढऱ्या सदऱ्याच्या आत गळ्यातील लिंगाचा उंचवटा. शाळेत तो माझ्या पुढच्या वर्गात होता आणि आम्ही एकमेकांशी एकही शब्द कधी बोललो नव्हतो. “या ना साहेब, या. आत या. तुमी येणार म्हणून निरोप होता. अहो, हाताला काय झालं? रंगनाथ, खुर्ची दे साहेबांना. चहा सांग.” कंपाउंडर रंगनाथने खुर्ची पुसली. चहा आला, कप कानाचा होता आणि बशी त्याच नक्षीची होती. मी ती नक्षी पाहिली. त्यांच्या घरातला तो चांगला कप असावा. ज्या घराने माझ्या आईच्या हातावर पाणी ओतले त्या घराने माझ्या हातात निळ्या फुलांची बशी द्यावी, याचा अर्थ एवढाच की मधल्या काळात माझ्या बॅगेला शासनाचे कुलूप लागले होते. कप माझ्या बॅगेला दिला होता. मी चहा प्यालो नाही. “आधी तपासणी,” मी म्हणालो. तो म्हणाला, “तपासणी होत ऱ्हाईल हो. आधी धनुर्वाताचं टोचून घेऊ. गंजलेला पत्रा म्हणजे मजाक नाही.” मी पुन्हा म्हणालो, “आधी तपासणी.” तळहातातला ठणका आता मनगटाच्या वर आला होता. जबडा थोडा आवळल्यासारखा वाटला. इतक्या लवकर काही होत नाही हे मला माहीत होते. ज्ञान आणि जबडा यांचा परस्परांशी संबंध नव्हता.

मी कपाट उघडले. औषधांच्या बाटल्या, त्यांच्यावरच्या तारखा, कापूस, चिमटे. सगळे नीटनेटके होते, आणि त्यामुळे माझी चिडचिड वाढली. घाण सापडावी या इच्छेने जो स्वच्छतेकडे पाहतो त्याला स्वच्छता हा शत्रूचा कावा वाटतो. टेबलावर दोन झाकणाचे डबे होते. एक स्टीलचा, चकचकीत. दुसरा ॲल्युमिनियमचा, ज्याला आमच्याकडे जर्मनचा म्हणतात तो, पोचे आलेला आणि बुडाला काळा. “हा कशाचा?” मी विचारले. मला ठाऊक होते. ते त्याच्या तोंडून यावे अशी माझी इच्छा होती. ईश्वरअप्पाने रंगनाथकडे पाहिले, रंगनाथने कपाटाकडे पाहिले. “सुयांचाच आहे साहेब. जादा. गर्दी असली की लागतो.” मी म्हणालो, “गर्दी कोणाची?” त्याने डब्याचे झाकण पुन्हा दाबून बसवले. त्या क्षणी मला जे सुख झाले ते मी लपवणार नाही. खिडकी बुजवली होती, पण ती या डब्यात होती. अस्पृश्यतेबद्दलचा कायदा मला पाठ होता, त्यातली कलमे मी बसमध्ये मनात जुळवीत आलो होतो. गळवांचे जे व्हायचे ते होवो, या डब्यासाठी मी या माणसाला कोर्टात उभा करणार होतो. “आणि हे उकळता कुठे?” मी विचारले. खोलीत स्टोव्ह दिसत नव्हता. “पूर्वी इथंच उकळत होतो साहेब. रॉकेलची टंचाई झाल्यापास्नं घरात देतो. आई उकळून देते. वेळच्या वेळी, अगदी नेमानं.” मी विचारले, “तुम्ही कधी पाहिलंत?” तो हसला. “स्वयंपाकघरात पुरुषमाणूस काय पाहणार, साहेब?” हैदराबादेत शिकलेला हा डॉक्टर, ज्याने डोळ्यांना न दिसणाऱ्या जंतूंवर परीक्षा दिली होती, त्याला आपल्या भिंतीपलीकडे पाणी उकळते की नाही हे पाहायची कधी गरज वाटली नव्हती. आईने केले म्हणजे ते शुद्धच. “चला,” मी म्हणालो, “पाहू.” जर्मनचा डबा मी बरोबर घेतला.

मागचे अंगण लहान होते. एका बाजूला तांब्याचा बंब, त्याच्या तोटीखाली ओला दगड. दुसऱ्या बाजूला, कडेला, जिथून मोरीचे पाणी बाहेर जाते तिथे, तीन दगडांची चूल आणि तिच्याजवळ कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा भारा. मधोमध, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर, चन्नबसम्मा बसली होती. ती आता फार म्हातारी झाली होती. डोळ्यांत मोतीबिंदूचे दूध उतरले होते. इतकी वर्षे मी जिच्याशी मनात वाद घातला, जिला मी दर वेळी जिंकले, ती बाई एवढीशी होती. याचाही मला राग आला. शत्रूने आपल्या मापाचे राहिले पाहिजे. ईश्वरअप्पा म्हणाला, “अव्वा, हे परभणीचे साहेब. सुया कशा उकळतो ते पाहायलेत.” तिने मान वर केली, माझ्या तोंडाकडे बराच वेळ पाहिले. “ह्यो केशरबाईचा दिसतोय. हनवटी तीच हाय,” ती म्हणाली. “बरी हाय का तुझी माय? अन् तुझा थोरला कुठं असतो आता? रेल्वेत होता न्हवं त्यो?” ईश्वरअप्पा घाईने मध्येच म्हणाला, “अव्वा, सुयांचं सांग.”

तिने सांगितले, आणि ती ते अभिमानाने सांगत होती, जशी एखादी बाई लोणच्याची कृती सांगते. “हे बग, आतल्या मानसाच्या सुया ह्या पितळीत, ह्या पितळंच्या ताटलीत. रगताचं भांडं मी माज्या चुलीवर चढवू देत न्हाई, सोवळ्यात सैपाक असतो. म्हनून बंबातलं ऊन ऊन पानी वतते, दोनदा खंगाळते, अन् सवच्छ पदरानं पुसून देते. आपलीच मानसं, त्यायला कशाचा इटाळ? अन् ह्या भाईरच्या,” तिने काळ्या दगडांकडे बोट केले, “ह्या त्या चुलीवर. त्यायचं एका पान्यानं जात न्हाई बग. पानी आटत येस्तोर उकळू देते, पुन्ना पानी घालते, पुन्ना आटू देते. सुनंला हात लावू देत न्हाई, मी सोता करते. जाळ निगंस्तोर उकळलं तर कुटं इटाळ जातो.” माझ्यासमोर मला हे सांगताना तिला संकोच झाला नाही. तिच्या दृष्टीने ती मला खात्री पटवून देत होती की काम चोख होते.

मी उभा होतो. ईश्वरअप्पाचा चेहरा हळूहळू उतरत गेला. त्याचे शिक्षण त्याच्यापर्यंत उशिरा पोचत होते, पण पोचत होते. पदराने पुसलेल्या सुया. मास्तरांचा दंड, अडत्याच्या सुनेची मांडी, वरच्या आळीतली सगळी गळवे त्या स्वच्छ पदरातून गेली होती. आणि सगुणाबाईला पिकत नव्हते, आमच्या वस्तीत कोणालाच पिकत नव्हते, कारण ही बाई आमचा इतका तिटकारा करीत होती की तो तिटकारा पाणी आटेपर्यंत उकळत होता. माझ्या मनातील वादाने इथे प्रथमच पाय घसरल्यासारखा आधार शोधला. ज्या लिंगायत पंथाने जातीच्या विटाळासकट पाचही सुतके नाकारली त्या पंथात जन्मून हिने हे सुतक कुठून आणले, असा प्रश्न मी तिला विचारणार होतो; तो तयार होता, वाक्यरचनाही तयार होती. पण त्या प्रश्नाच्या मागून दुसरा एक प्रश्न आला, आणि तो मला होता. आश्रुबाला त्या खिडकीशी नेले असते तर? ती सुई स्वच्छ होती. तेव्हा दवाखान्यात स्टोव्ह होता आणि ती त्याच्यावर उकळत असे. तिच्या टोकावर अपमान होता आणि जीवही होता, आणि आईने दोन्ही नाकारले. मी हा विचार थांबवला. कोणताही युक्तिवाद आईपर्यंत पोचू लागला की मी तो थांबवतो. पण तळहात ठणकत होता आणि ठणका युक्तिवाद ऐकत नव्हता.

ईश्वरअप्पाने मला बाजूला घेतले. त्याच्या कपाळावरचे भस्म घामाने ओघळले होते. “साहेब, मी काय म्हणतो, झालं ते झालं. मला खरंच माहीत नव्हतं. आईचं जुनं डोकं. आता असा भेद-बिद काही ठेवायचा नाही. हे बाहेरचं भांडं मी आत्ता, तुमच्या डोळ्यांदेखत, मोडीत देतो. आजपासून सगळ्यांना एकच. पितळीतलीच सुई, वरच्यांना तीच, तुमच्या लोकांनाही तीच. लिहून देतो म्हणाल तर लिहून देतो.” मग आवाज आणखी खाली आणून, “अन् तुमचं टोचून घेऊ आधी. रंगनाथ! साहेबांसाठी आतली सुई काढ. आतली!” त्याने ‘आतली’ हा शब्द मला ऐकू जाईल असा दोनदा उच्चारला. तो मला देत होता. जे मी लहानपणी बोळात उभा राहून, फळीच्या उंचीला डोळे लावून, सगळ्या जगाकडे मागितले होते, ते तो मला मोफत देत होता, चांगल्या कपासारखे. रंगनाथ स्टीलचा डबा घेऊन आलाही. त्याने झाकण काढले. काचेची पिचकारी, चमकणाऱ्या सुया, पदराने पुसलेल्या, मानाच्या. मी सदऱ्याची बाही वर केलेली नव्हती, तरी दंडावर एक जागा आपोआप आक्रसून गेली.

हा माणूस मूर्ख आहे की धूर्त, याचा मी विचार केला. आत्ताच त्याला सगळे उमगले होते. चेहऱ्यावर मी पाहिले होते. तरीही साहेबाला द्यायची वेळ आली तेव्हा त्याच्या हाताने सवयीने मानाची सुई उचलली, आणि भेद मोडायची वेळ आली तेव्हा त्याच्या सवयीने बाहेरचे भांडे मोडीत काढले. जे मोडायचे ते नेहमी बाहेरचे. जर मी ‘ठीक’ म्हणालो, तर उद्यापासून सगुणाबाईच्या दंडात पितळीतली सुई जाईल; समतेने जाईल; आणि पिकेल. माझ्या लोकांना वरच्या आळीचे गळू मिळेल आणि कायद्याला समाधान. मी हसलो असावे, कारण रंगनाथ एक पाऊल मागे सरला. माझे हसणे मला स्वतःला त्या आवळलेल्या, मागे ओढलेल्या ओठांसारखे वाटले.

“ते झाकण लावा,” मी म्हणालो. “मला बाहेरची सुई हवी.”

“साहेब, नका ना असं...” ईश्वरअप्पा म्हणाला. त्याला वाटले मी त्याचा अपमान करतो आहे. ते काही अंशी खरे होते.

उंबऱ्यावरून चन्नबसम्मा ओरडली, “अरं ती नगं! सायब हाय त्यो. त्याला ती देऊ नगंस, ईश्वरा. पावन्याला कुनी ती देतं का?” तिच्या स्वरात खरी कळकळ होती. माझ्या मानासाठी ती माझ्याशी भांडायला तयार होती.

मी अंगण ओलांडून तिच्यासमोर गेलो. ओसरीकडच्या दारात सगुणाबाई येऊन उभी होती, पदर तोंडात धरून. मी आयुष्यभर जे भाषण तयार केले होते ते मोठे होते, त्यात इतिहास होता, दाखले होते, आणि त्याचा शेवट माझ्या आईच्या नावाने होत होता. त्यातले एकही वाक्य तिथे उपयोगी नव्हते. मी ईश्वरअप्पाकडे पाहून म्हणालो, “पितळी मोडीत काढा. काळं भांडं ठेवा. आजपासून सगळ्या गावाला आमच्यासारखं वागवा.”

म्हातारीने विचारले, “म्हंजी समद्यायला? वरल्या आळीलाबी?”

“हो.”

“मठाच्या स्वामीलाबी?”

“हो. तुमच्या नातवालाही. तुम्हालासुद्धा. सगळ्यांचा विटाळ धरा. आमचा धरता तसा, पाणी आटेपर्यंत.”

मला वाटले ती आता किंचाळेल, शिवी देईल, तांब्या उचलेल. मी त्याचीच वाट पाहत होतो. मला त्याची गरज होती. ती पऱ्हाट्यांच्या भाऱ्याकडे पाहत राहिली. मनात काही मोजल्यासारखे करून ती म्हणाली, “मंग सरपन लई लागंल.”

दारातून सगुणाबाईचे हसू फुटले आणि त्याचे खोकल्यात रूपांतर झाले. रंगनाथने पितळी उचलून मोरीशी ठेवली. तिथे, काळ्या दगडांजवळ, ती एकाएकी कोणाचीच नसल्यासारखी दिसू लागली. ईश्वरअप्पाने स्वतःच्या हातांनी स्टीलच्या डब्यातल्या सगळ्या सुया जर्मनच्या भांड्यात टाकल्या. आत गेलेल्या सुया आता एकमेकींपासून वेगळ्या ओळखता येत नव्हत्या. म्हातारी भिंत धरत उठली, चुलीपाशी आली, पाणी ओतले, पऱ्हाट्या मोडून आत सारल्या. मी तिच्यासमोर दगडावर बसलो. धूर तिच्या डोळ्यांत गेला, मग माझ्या; तो भेद करीत नव्हता, पण त्याचे श्रेय मी त्याला देणार नाही, धुराला काही कळत नसते. मी तिचा हात पाहिला, तोच हात, पाणी ओतणारा. आता तो जाळात काड्या सारत होता. पाण्याला आधी कडेने लहान बुडबुडे आले, मग मधोमध. सुया आत एकमेकींवर बारीक किणकिणू लागल्या. माझा हात गुडघ्यावर पडला होता आणि रुमाल कडक झाला होता.

“सांगितलं न्हाईस,” ती जाळाकडे पाहत म्हणाली. “थोरला कुठं असतो तुझा? आश्रुबा न्हवं का नाव?”

“धनुर्वातानं गेला.”

“कवा?”

“तेव्हाच. मी लहान होतो.”

“आगं आई,” ती म्हणाली. तिने खरोखरच चुकचुकून मान हलवली. “मंग सुई न्हाई का टोचली त्याला? आमचे मालक होते की तवा. कुनालाबी परत लावायचे न्हाईत. केशरबाईनं आनलं का न्हाई त्याला?”

मी तिच्या तोंडाकडे पाहिले. त्या दुधाळलेल्या डोळ्यांत काही दडलेले नव्हते. फळी नव्हती, तांब्या नव्हता, कोपरावरून ठिबकणारे पाणी नव्हते. मी इतकी वर्षे जे जपून ठेवले होते ते तिच्यापाशी कधी नव्हतेच. ती उत्तराची वाट पाहत होती, काडी हातात तशीच धरून, एका आईच्या बाबतीत दुसऱ्या आईला पडावे तसे नवल तिच्या चेहऱ्यावर होते.

“का बरं आनलं न्हाई?” तिने पुन्हा विचारले.

भांड्यातले पाणी अर्ध्यावर आले होते. काठाशी एक पांढरी रेघ सुकत चालली होती.

“आधी पाणी आटू द्या,” मी म्हणालो.